नवी आवृत्ती, जुना हिशेब

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ब्रिटनमधल्या अनेक घरांत जुना कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. फोटो, पत्रे, पासपोर्टच्या प्रती नव्या मशीनवर नेणे सोपे असते. अडते ते हिशेबाच्या फाइलपाशी. पंधरा-वीस वर्षांचे पगार, घराचे हप्ते, मुलांच्या सहली, पुण्याच्या फ्लॅटचे भाडे, आईच्या औषधांसाठी पाठवलेले पैसे, सगळे त्या एका फाइलीत. आणि ती उघडणारे सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालतच नाही. किंवा चालते, पण आता दरमहा पैसे मागते. किंवा मुकाट्याने उघडते आणि शिल्लक भलतीच दाखवते.

असा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी हा लेख. नवे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. आधी जुन्या फाइलीतला हिशेब अशा रूपात बाहेर काढून ठेवा, की उद्या कुठलीही कंपनी बंद पडली तरी तो वाचता येईल. ते झाले की मग हवे ते सॉफ्टवेअर घ्या.

ब्रिटनमधल्या ग्राहकाने ही खबरदारी घ्यायला खास कारण आहे. त्याला याआधी अनेकदा वाऱ्यावर सोडले गेले आहे. अमेरिकेत घरोघर पोचलेल्या क्विकनची ब्रिटिश आवृत्ती इंट्युइटने जानेवारी २००५मध्ये बंद केली. क्विकन २००४ ही इथली शेवटची. मायक्रोसॉफ्ट मनीही ब्रिटनपुरते मनी २००५वर थांबले. अमेरिकेत ते आणखी काही वर्षे विकले गेले, पण जून २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०११मध्ये ऑनलाइन सेवाही संपवल्या. जाता जाता 'सनसेट' नावाची एक फुकट आवृत्ती दिली, तीही अमेरिकी घडणीची. ब्रिटिश फाइल तिच्यात सरळ उघडत नाही. त्यामुळे मनी २००५ अजून नेटाने चालवणारे लोक इथे भेटतात. त्यांना हसण्यासारखे काही नाही, ते सॉफ्टवेअर चांगलेच होते.

जानेवारी २०१८मध्ये ओपन बँकिंग आले आणि बँकेशी थेट जोडलेल्या मोबाइल ॲपकडे लोक वळले. तिथेही तेच. आयएनजी या डच बँकेचे योल्ट डिसेंबर २०२१मध्ये बंद झाले, एडिनबरात जन्मलेले मनी डॅशबोर्ड ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी. छोट्या धंद्यांच्या हिशेबात न्यूकॅसलच्या सेजचा दबदबा. पण २०२२मध्ये सेज ५०च्या जुन्या, एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या आवृत्त्या सुरक्षेच्या तांत्रिक कारणाने चालेनाशा होणार असे कळले, तेव्हा 'कायमचा परवाना' या शब्दांवर विसंबलेले ग्राहक चांगलेच भडकले. एकदा विकलेले सॉफ्टवेअर वीस वर्षे फुकट दुरुस्त करत राहणे कंपनीला परवडत नाही, हे मान्य. पण फाइलीतला हिशेब कंपनीचा नाही.

तर कामाला लागू. जुने मशीन अजून चालू आहे तोवरच पुढचे सगळे करायचे आहे. ते रीसायकलिंगला दिल्यावर हा लेख निरुपयोगी आहे.

पहिले काम म्हणजे मूळ फाइलीची प्रत. एक पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या नातेवाइकाकडे. फाइलीला पासवर्ड असेल तर तो कागदावर लिहून ठेवा, कारण नवरा-बायकोपैकी बहुधा एकालाच तो ठाऊक असतो. सॉफ्टवेअर आपोआप बॅकअप घेते या भरवशावर राहू नका. ग्नूकॅशसारखे सॉफ्टवेअर तारीखवार प्रती ठेवते खरे, पण मुळात ठरलेली मुदत ३० दिवसांची असते. त्यानंतर जुन्या प्रती तेच पुसून टाकते. शिवाय त्या प्रती मूळ फाइलीच्याच फोल्डरमध्ये असतात, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेले.

दुसरे काम अहवालांचे. जुन्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक करवर्षाच्या अखेरीची, म्हणजे ५ एप्रिलची, सर्व खात्यांची शिल्लक पीडीएफमध्ये काढा. भारतातली खाती असतील तर त्यांची ३१ मार्चची शिल्लकही. दोन देशांची वर्षे पाच दिवसांच्या फरकाने संपतात आणि नेमक्या त्या पाच दिवसांत एनआरओ ठेवीचे व्याज जमा झालेले असते, हा अनुभव अनेकांना असेल. शेअर आणि फंड असतील तर प्रत्येक खरेदीची तारीख, नग आणि किंमत यांची यादी हवीच. एकूण खरेदी किंमत एवढा एकच आकडा पुरत नाही. का, ते पुढे येईल.

तिसरे काम व्यवहार बाहेर काढण्याचे. इथे लोक सर्वांत जास्त हैराण होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुनी सॉफ्टवेअर व्यवहार बाहेर देतात ते बहुधा सीएसव्ही किंवा क्यूआयएफ या रूपात. सीएसव्ही म्हणजे साधा तक्ता, एक्सेलमध्ये उघडणारा. क्यूआयएफ हे क्विकनने रूढ केलेले रूप. त्यात वर्गवारी आणि एका खात्यातून दुसऱ्यात गेलेल्या पैशांच्या नोंदीही येतात, म्हणून नव्या सॉफ्टवेअरला ते जास्त उपयोगी पडते. दोन्ही काढून ठेवा. मायक्रोसॉफ्ट मनीत एका वेळी एकाच खात्याचे क्यूआयएफ निघते, आणि गुंतवणुकीचे खाते वेगळे निवडावे लागते. वीस खाती असली तर वीसदा तेच करायचे, रविवारची एक दुपार जाते. बंद झालेली खातीही काढा. ती वगळली की चालू खात्यातून तिकडे गेलेल्या पैशांचे दुसरे टोक हरवते आणि ताळमेळ कधीच लागत नाही.

आता या क्यूआयएफच्या तीन खोडी.

पहिली खोड दुहेरी नोंदीची. चालू खात्यातून बचत खात्यात ५०० पौंड टाकले, तर ती नोंद दोन्ही खात्यांच्या फाइलींत असते. फाइली एकेक करून आत घेतल्या तर काही सॉफ्टवेअर ते ५०० पौंड दोनदा मोजते. ग्नूकॅशमध्ये सगळ्या क्यूआयएफ फाइली एकाच खेपेत भरल्या तर ते जोड्या स्वतः जुळवते. म्हणून तिथे घाई करून एकेक फाइल आत घेऊ नका.

दुसरी खोड चलनाची. क्यूआयएफमध्ये रक्कम असते, चलन नसते. स्टेट बँकेतली दहा लाख रुपयांची ठेव नव्या सॉफ्टवेअरमध्ये दहा लाख पौंड होऊन बसते. हसू येईल, पण रक्कम लहान असली की चूक दिसतही नाही. रुपयांच्या खात्यांना आधी रिकामे खाते उघडून चलन ठरवा, मग त्यात व्यवहार आणा.

तिसरी खोड तारखेची, आणि ही सर्वांत वाईट. इथे आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकी सॉफ्टवेअर महिना आधी. बारा तारखेनंतरचे व्यवहार बरोबर बसतात, कारण तेरावा महिना नसतो. पहिल्या बारा दिवसांतले मात्र गुपचूप उलटे होतात. ०४/०५/२०२४ म्हणजे ४ मे. तीच तारीख महिना आधी धरून वाचली तर ५ एप्रिल, करवर्षाचा शेवटचा दिवस. मे महिन्यातला लाभांश मागच्या वर्षाच्या उत्पन्नात जाऊन बसतो आणि एकूण शिल्लक मात्र तंतोतंत बरोबर असते. म्हणून 'शिल्लक जुळली, काम झाले' असे समजू नका. आयात करताना सॉफ्टवेअरने तारखेचा नमुना विचारला तर नीट वाचून उत्तर द्या. विचारला नाही तर पहिल्या बारा दिवसांतले दहा-पंधरा व्यवहार जुन्या फाइलीशी ताडून पाहा.

शेअर असलेल्यांसाठी चौथीही एक खोड आहे, पण तिचा दोष क्यूआयएफकडे जात नाही. लंडन शेअर बाजारात बहुतेक भाव पेन्समध्ये सांगितले जातात. नव्या आवृत्तीने भाव आणण्याचे ठिकाण बदलले आणि पेन्सना पौंड समजले, तर गुंतवणूक एका रात्रीत शंभरपट होते. भाव आणण्याची सोय मुळातच नाजूक असते. याहूने आपली फुकट भाव-सेवा नोव्हेंबर २०१७मध्ये बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये भाव येणे थांबले होते. भारतीय म्युच्युअल फंडांचे भाव ॲम्फी रोज जाहीर करते. महिन्यातून एकदा ते हाताने भरणे हा माझ्या मते सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग.

आयात झाल्यावर ताळमेळ. सुरुवातीला काढलेले पीडीएफ आता कामी येतात. नुसती आजची शिल्लक पाहू नका, प्रत्येक ५ एप्रिलची पाहा. एखादे खाते जुळले नाही तर सगळे व्यवहार वाचत बसण्याची गरज नाही. मधल्या एका वर्षाची शिल्लक पाहा. तिथे जुळत असेल तर चूक त्यानंतरची, नसेल तर आधीची. उरलेला काळ पुन्हा अर्धा करा. असे करत करत चुकीचा महिना हाती लागतो. फरक पहिल्या दिवसापासून तेवढाच असेल तर आरंभीची शिल्लक राहून गेली आहे. फरकाचा निम्मा आकडा एखाद्या व्यवहाराशी जुळत असेल तर जमेची रक्कम नावे पडली आहे. ही युक्ती कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या जुन्या मुनिमांना पाठ असायची.

सगळे जुळल्यावरही निदान एक महिना दोन्हीकडे नोंदी करा. बँकेचे एक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाचे एक बिल नव्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण जुळले, की जुने बंद करायला हरकत नाही. हे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

सॉफ्टवेअर तेच राहणार आणि फक्त आवृत्ती बदलणार असेल, तर धोका वेगळा. नवी आवृत्ती फाइल उघडतानाच तिचे रूप बदलते, आणि मग जुनी आवृत्ती ती वाचू शकत नाही. परतीचा रस्ता बंद. म्हणून नव्या आवृत्तीला मूळ फाइल कधीच देऊ नका, प्रत द्या. फार जुन्या आवृत्तीवरून थेट सर्वांत नव्या आवृत्तीवर उडी मारण्यापेक्षा मधल्या पायऱ्या घेतलेल्या बऱ्या. ग्नूकॅशच्या बाबतीत प्रत्येक मधल्या मालिकेतील शेवटची आवृत्ती बसवून फाइल एकदा उघडून साठवत पुढे जाणे सुरक्षित.

मनी २००५ विंडोज ११वर चालवणारेही आहेत. बसवताना ते इंटरनेट एक्सप्लोरर शोधते, तो २०२२मध्ये निवृत्त झाला, आणि मग विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. ज्यांना हे जमते त्यांनी जरूर करावे, पण त्याने काही वर्षे मिळतील एवढेच. पुढच्या विंडोजच्या बदलात ते चालेलच याची हमी कुणी देणार नाही.

मग घ्यायचे काय? घरखर्च आणि चार-पाच खाती एवढेच असेल तर स्प्रेडशीट पुरे. तिला आवृत्तीचा जाच जवळजवळ नाही. दोन चलने, शेअर, घरभाडे असे असेल तर ग्नूकॅश फुकट आहे आणि १९९८पासून टिकून आहे. शिकायला मात्र महिना जातो, जमा-नावे समजत नसेल तर जास्तच. विकत घ्यायचे तर एडिनबरातल्या इन्फिनिट काइंड कंपनीचे मनीडान्स अनेक चलने हाताळते. सबस्क्रिप्शनवाल्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: मी उद्या पैसे भरणे थांबवले तर मागचे व्यवहार मला दिसतील का, आणि बाहेर काढता येतील का? उत्तर लेखी घ्या. गोलमोल उत्तर आले तर पुढे जाऊ नका.

बँकेशी जोडलेले ॲप सोयीचे असते, त्याला माझा विरोध नाही. मात्र ते जमाखर्चाची वही नव्हे. बँकेचे व्यवहार पाहू देण्याची संमती दर ९० दिवसांनी ॲपमध्ये पुन्हा द्यावी लागते. ती राहून गेली, किंवा बँकेने आपली यंत्रणा बदलली, की मध्येच खंड पडतो, आणि पुन्हा जोडल्यावर मागचे सगळे व्यवहार येतीलच असे नाही. भारतातल्या बँका ब्रिटनच्या ओपन बँकिंगमध्ये नाहीत, त्यामुळे तिकडच्या नोंदी हातानेच. आणि खुद्द बँकेवर तरी किती विसंबावे? एप्रिल २०१८मध्ये टीएसबीने खाती नव्या यंत्रणेवर हलवली तेव्हा लाखो ग्राहकांना स्वतःचे खाते दिसेना; त्यासाठी नियामकांनी डिसेंबर २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून घेण्याची सवय लावा. खाते बंद करण्यापूर्वी तर सगळी जुनी स्टेटमेंट उतरवाच, नंतर ऑनलाइन दार बंद होते.

कराबद्दल दोन गोष्टी. भांडवली नफ्याचा अमेरिकी घडणीच्या सॉफ्टवेअरने दिलेला आकडा ब्रिटिश विवरणपत्रात उतरवू नका. इथे विक्रीची सांगड आधी त्याच दिवशीच्या खरेदीशी, मग पुढच्या ३० दिवसांतल्या खरेदीशी आणि त्यानंतर उरलेल्या साठ्याच्या सरासरी किमतीशी घातली जाते. खरेदीची तारीखवार यादी ठेवा म्हटले ते यासाठी. पूर्वी करमुक्त मर्यादा १२,३०० पौंडांची होती तेव्हा बहुतेकांना याच्याशी देणेघेणे नव्हते. एप्रिल २०२४पासून ती ३,००० आहे.

दुसरी गोष्ट घरभाडे किंवा स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी. 'मेकिंग टॅक्स डिजिटल'चा नियम आयकरासाठी ६ एप्रिल २०२६पासून सुरू होतो: भाडे आणि व्यवसाय मिळून खर्च वजा करण्याआधीचे उत्पन्न ५०,००० पौंडांवर असेल तर डिजिटल नोंदी आणि दर तिमाहीला एचएमआरसीकडे आकडे. मर्यादा एप्रिल २०२७मध्ये ३०,०००वर आणि २०२८मध्ये २०,०००वर येणार आहे. इथल्या रहिवाशाचे भारतातल्या घराचे भाडेही यात धरले जाते. जोडीच्या मालकीत फक्त आपला वाटा. घरखर्चाचे सॉफ्टवेअर या कामाला सहसा चालत नाही. एचएमआरसीने मान्य केलेल्या सॉफ्टवेअरची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे, ती पाहिल्याशिवाय काही विकत घेऊ नका, आणि घराचा हिशेब व कराचा हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंबण्याचा अट्टहास करू नका.

हे सगळे करायचे कधी? जानेवारीत नाही, ३१ तारखेला सेल्फ असेसमेंटची मुदत असते आणि त्या धांदलीत फाइल बिघडली तर दंडही आपलाच. मार्च-एप्रिलमध्येही नाही. मेचा दुसरा पंधरवडा ते जून उत्तम. वर्ष संपलेले असते, स्टेटमेंट आलेली असतात, भारतातल्या विवरणपत्राला अजून अवकाश असतो. मध्येच 'आता अपडेट करा' अशी खिडकी उघडली तर ती बंद करा. सुरक्षेच्या किरकोळ दुरुस्त्या घ्यायला हरकत नाही. मोठी आवृत्ती आपल्या सवडीने.

एवढे करूनही विकत घेतलेल्या नव्या आवृत्तीने फाइल खराब केली, तर गप्प बसू नका. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ डिजिटल वस्तूंनाही लागू आहे. सॉफ्टवेअर सांगितल्याप्रमाणे चालले पाहिजे. नसेल तर दुरुस्ती, आणि ती न झाल्यास किमतीत सूट मागता येते. विक्रेत्याने वाजवी काळजी न घेतल्यामुळे तुमच्या उपकरणाचे किंवा इतर डिजिटल सामग्रीचे नुकसान झाले असेल तर ४६वे कलम भरपाईची वाट देते. त्यासाठी आधीची प्रत आणि पडद्याची छायाचित्रे जवळ हवीत. तक्रार लेखी करा. आणि मदतीचा फोन नंबर सर्च इंजिनच्या जाहिरातीतून कधीही घेऊ नका. 'क्विकन सपोर्ट', 'मनी सपोर्ट' अशा नावांनी बसलेले भामटे कॉम्प्युटरचा ताबा मागतात आणि थेट बँकेत शिरतात. असे काही घडल्याचा संशय आला तर १५९ हा क्रमांक फिरवा. बहुतेक मोठ्या बँकांशी तो जोडून देतो.

उरला प्रश्न जुनी फाइल कधी पुसायची हा. पगारदाराने करवर्ष संपल्यावर २२ महिने, व्यवसाय किंवा घरभाडे असणाऱ्याने ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर निदान ५ वर्षे नोंदी ठेवाव्यात, असा एचएमआरसीचा नियम आहे. भारतात खाती असलेल्यांनी यावर थांबू नये. परदेशातल्या उत्पन्नाबाबत काही परिस्थितींत एचएमआरसी १२ वर्षे मागे जाऊ शकते, आणि भारत व ब्रिटन बँक खात्यांची माहिती २०१७पासून एकमेकांना देत आहेत. तेवढ्या वर्षांची मूळ फाइल, तिचे पीडीएफ आणि सीएसव्ही तिन्ही जपून ठेवा.